फुकटचं पाणी

११ जानेवारी २०२४, गुरुवार

आज वेळ अमावास्या, आमची येळवस झाली. माझी बायको मल्लम्मा असताना ती पहाटे तीनला उठून पालेभाज्या-शेंगांची भज्जी रांधायची आणि मी पाचला उठून तिला घाई करायचो. ती जाऊन ही तिसरी येळवस. यंदा हरिबाच्या बायकोनं सगळं करून रानात आणलं. आंबील जरा जास्तच आंबट झाली होती, पण मी गप्प राहिलो. हरिबा माझं रान वाट्यानं करतो. त्याच्या बायकोला नावं ठेवली तर पुढच्या वर्षी मला चहाबिस्किटावर येळवस करावी लागेल.

शेजारच्या रानातून बंडप्पा आणि त्यांची सून शिवलीला यांना बोलावलं होतं. शिवलीलेचा नवरा ईरण्णा माझा विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकखाली गेला. पोरगी खचून माहेरी कलबुर्गीला जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, तर हिनं एकरभर तुती लावली, शेड उभं केलं आणि रेशमाच्या अळ्या पाळायला लागली. थोरला दीर शंभुलिंग उमरग्याला दुकान चालवतो. त्यानं अट घातली आहे की वर्षभर करून दाखव, नाही जमलं तर रान पडीक टाकायचं आणि सासऱ्याला घेऊन उमरग्याला यायचं. उमरग्याला यायचं म्हणजे दिराच्या घरात भाकरी थापायच्या. हे सगळं बंडप्पांनीच सांगितलं.

यंदा पावसानं दगा दिला. तिच्या विहिरीत आता पारवे राहतात. माझ्या बोअरला मात्र ऑक्टोबरात चारशे दहा फुटांवर दोन इंच पाणी लागलं. माझं शहाणपण यात काही नाही, नशीब आहे.

जेवणं झाल्यावर शिवलीला म्हणाली, "गुरुजी, तुतीला आठ दिसाला दोनदा पाणी लागतंय. तुमच्या बोअरचं द्याल का? भाव सांगा."

"भाव कसला?"

"गुंडप्पा काका तासाला शंभर घेत्यात. तुमी बी तेवढंच घ्या."

मग मी तिला माझ्या वडिलांची, अप्पांची गोष्ट सांगितली. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या विहिरीवर सोलापूरचा एक व्यापारी नोटा घेऊन आला होता. अप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर ठेवून शपथ घेतली की या रानातलं पाणी विकणार नाही, माझी पोरंही विकणार नाहीत. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. ही गोष्ट मी चांगली सांगतो, शाळेत दर वर्षी सांगायचो.

ती उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "तरीबी भाव सांगितला असता तर बरं झालं असतं."

मी म्हणालो, लेकीकडून पैसे घ्यायचे असते तर चौतीस वर्षं मास्तरकी कशाला केली, अडत दुकानच टाकलं असतं. बंडप्पा हसले, हरिबा हसला. ती हसली की नाही ते लक्षात नाही.

१६ जानेवारी, मंगळवार

हरिबानं बांधावरून पाइप जोडून दिला. पहिलं पाणी तुतीत गेलं तेव्हा मी तिथं उभा होतो. फार बरं वाटलं. निवृत्तीनंतर माणसाला आपला उपयोग काय हा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर आज दोन इंची पाइपातून वाहत होतं.

२९ जानेवारी, सोमवार

शिवलीला तीनचार दिवसांनी येते आणि पाणी कधी सोडता विचारते. तिला सांगितलं, ये म्हणजे बोलता येईल, घाई काय. पण ती बांधावरच उभी राहते आणि तिथूनच मोठ्यानं बोलते. हरिबा पलीकडच्या टोकाला असला तरी त्याला ऐकू जाईल असं. काही लोकांचा आवाजच मोठा असतो. चहा दिला तर उभ्यानं घेते आणि पेला स्वतः विसळून ठेवते. दर वेळी बंडप्पांना बरोबर आणते. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात, त्याला कशाला ओढत आणायचं? मी तसं म्हणालोही. बंडप्पा म्हणाले, "चालल्यानं बरं वाटतंय." वाटत नव्हतं, ते दिसत होतं.

एकदा मी फोन केला, उद्या लाईट दिवसाची आहे, पाणी सोडतो म्हणून सांगायला. तिचा नंबर, पण उचलला बंडप्पांनी. त्यांना ऐकू कमी येतं. शेवटी पाणी म्हणजे पाणी एवढं कळवायला सात मिनिटं गेली.

११ फेब्रुवारी, रविवार

आज शेड बघितलं. बंडप्पांनीच आग्रहानं नेलं. रॅकवर तुतीच्या फांद्या आणि त्यावर हजारो पांढऱ्या अळ्या. शेवटची कात टाकल्यावर त्या आठवडाभर नुसत्या खातात. कढईत बारीक फोडणी तडतडत राहावी तसा आवाज येतो. शिवलीला म्हणाली, "या आठ दिसांत पाला कमी पडला की संपलं गुरुजी. भूक यांना थांबवता येत न्हाय. म्हणून पाणी ठरल्या दिवशीच लागतंय, मागंपुढं झालं की पाला कोळपतो."

मी म्हणालो, तू फक्त सांगत जा, पाणी तुझंच आहे.

ती म्हणाली, "माझं असतं तर सांगावं लागलं नसतं."

हुशार आहे. माझ्या वर्गात असती तर स्कॉलरशिपला बसवली असती. आज मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हरिबानं विचारलं, "रानात इस्तरी कशाला?" मी त्याला सांगितलं, कपाटात दुसरा नव्हता. होता.

२० फेब्रुवारी, मंगळवार

बॅच चांगली निघाली. कोष सोलापूरला विकून आली आणि थेट रानात येऊन पाकीट पुढं केलं. म्हणाली, "बावीस तास झाले, लिवून ठिवलंय." मी पाकिटाला हात लावला नाही. अप्पांची शपथ पुन्हा सांगितली.  ती हरिबाकडे बघून म्हणाली, "हरिबा मामा, तुमी बघितलं न्हवं, म्या द्यायला आणलं हुतं." हरिबा म्हणाला, "बघितलं की."

मला मनातून राग आला. मी चोर आहे की काय, साक्षीदार कशाला लागतो?

८ मार्च, शुक्रवार

महाशिवरात्र. देवळात गर्दी. मी गाभाऱ्यातून बाहेर आलो तेव्हा ओट्यावर बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. पूर्वी शाळेत वर्गात शिरलो की असंच व्हायचं. मास्तरकीचा दरारा जात नाही तो असा.

गुंडप्पा भेटला. याला दोन बोअर आहेत आणि तो तासावर पाणी विकतो. घड्याळ लावून बसतो, एक मिनिट इकडेतिकडे नाही. अप्पांनी याला दारात उभं केलं नसतं. माझ्याकडे बघून म्हणाला, "गुरुजी, तुमचं पाणी लई गोड म्हणं."

मी म्हणालो, गोडच आहे, खार अजिबात नाही. त्याच्या बरोबरची दोघंतिघं हसली. मीही हसलो.

शिवलीला देवळात दिसली नाही. मल्लम्मा होती तोवर दर वर्षी दोघी बरोबर यायच्या.

१५ मार्च, शुक्रवार

हरिबानं आज वेगळंच काढलं. मोटर बंद करून हात पुसत म्हणाला, "गुरुजी, त्या पोरीला भाव लावा की. धा रुपये लावा, पण लावा."

मी त्याला विचारलं, तुला काय अडचण आहे? तो म्हणाला, "मला कसली अडचण? माणूस पैशे देऊन पाणी घेतंय तवा मान वर करून मागतंय. पाणी का आलं न्हाय म्हणून भांडतंय बी. फुकटात भांडता येतंय व्हय?"

मी त्याला म्हणालो, भांडायचं कशाला? मी देतोच आहे. तो बैलांना कडबा टाकायला गेला. आमच्याकडे बैल आता एकच उरला आहे, पण हरिबा अजून बैलांना म्हणतो.

२३ मार्च, शनिवार

आज मन फार दुखावलं. शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

शिवलीला आणि बंडप्पा सकाळी आले. तिनं गुंडप्पाशी ठरवून टाकलं आहे. तासाला एकशेवीस. उन्हाळा म्हणून वीस वाढवले त्या कसायानं. पण त्याचं रान माझ्या पलीकडे. त्याच्या बोअरपासून तिच्या तुतीपर्यंत पाइप न्यायचा तर माझ्या रानातून न्यावा लागतो. तेवढी परवानगी द्या, म्हणाली. पिकाला धक्का लागणार नाही, बांधाच्या कडेनं नेऊ.

मी विचारलं, "माझं पाणी काय वाईट आहे?"

"वाईट न्हाय, गुरुजी. तुमचं पाणी मला परवडत न्हाय."

फुकट पाणी परवडत नाही. हे वाक्य मी दिवसभर उलटसुलट करून बघितलं आणि मला त्याचा अर्थ लागला नाही.

मी म्हणालो, "अप्पांच्या रानातून विकतचं पाणी जाणार नाही. एक थेंब नाही. तुला हवं तेवढं मी देतो, आणखी काय पाहिजे?"

ती म्हणाली, "पाइपच जाणार हाय, गुरुजी. पाणी तुमच्या मातीला लागणार बी न्हाय."

मी नाही म्हणालो. बंडप्पा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते कन्नडात काहीतरी पुटपुटले, तिनं त्यांचा दंड धरला आणि दोघं गेले. चहा तसाच राहिला.

मी चुकलो का? मी तिचे पैसे वाचवतो आहे. गावात कुणालाही विचारा, या उन्हाळ्यात फुकट पाणी देणारा मी एकटा आहे.

२६ मार्च, मंगळवार

लेकीचा, शिवरंजनीचा, पुण्याहून फोन. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, पाइप जाऊ द्या ना. तुम्हाला काय त्रास आहे?" शपथेचं सांगितलं तर म्हणाली, "शपथ आजोबांनी घेतली होती, त्या बाईनं नाही." पुण्याला राहून माणसं वकिलासारखी बोलायला लागतात. मी विषय बदलला, नातवाच्या परीक्षेचं विचारलं.

३ एप्रिल, बुधवार

शिवलीलेनं दीडशे अंडीपुंजांच्या कोवळ्या, दोन कात टाकलेल्या अळ्यांची नवी बॅच आणली. तिनं ती फेब्रुवारीतच सांगून ठेवली होती म्हणे, आता नको म्हणता येत नाही. दिराची वर्षाची मुदत संपायच्या आतली ही शेवटची बॅच. हे हरिबाकडून कळलं. ती स्वतः अकरा दिवस झाले आलेली नाही.

तुतीला पाणी मी सोडलं. तिनं न सांगता. ते लिहून ठेवतो.

९ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली, एकट्यानं कडुलिंब खाल्ला. आपल्याकडे कुणीतरी येईल म्हणून दोन पेले धुऊन ठेवले होते. कुणी आलं नाही.

हरिबानं विचारलं, आज तुतीला सोडू का? मी म्हणालो, तिला यायला काय झालं? येऊन एक शब्द विचारला तर तिची जीभ झडेल का? मागितलं की सोड.

आता लिहिताना वाटतं, हे मी बोलायला नको होतं. पण बोललो. आणि शब्द मागे घेतला तर हरिबा काय म्हणेल म्हणून घेतलाही नाही.

१३ एप्रिल, शनिवार

बेचाळीस अंश. बंडप्पा एकटे आले, काठी टेकत. बांधावर तीन ठिकाणी बसत बसत आलेले मी लांबून बघत होतो. पुढं जाऊन आणायला हवं होतं.

म्हणाले, "अळ्यांनी शेवटची कात टाकलीया. पाला पिवळा पडायलाय. पाणी सोडा, गुरुजी."

मी लगेच हरिबाला मोटर चालू करायला सांगितलं. मग विचारलं, "शिवलीला का नाही आली?"

बंडप्पा माझ्याकडे बघत राहिले. त्यांची नजर मला सहन झाली नाही. म्हणाले, "तिला बरं न्हाय." दोन तास पाणी चाललं आणि लाईट गेली. बंडप्पांना हरिबानं मोटारसायकलवर घरी सोडलं.

तिला बरं नाही तर शेडवर पाला कोण टाकतंय? मी संध्याकाळी बघितलं, तीच टाकत होती. मग माझ्याशी खोटं का बोलायचं? मी मनाला लावून घेतलं. पुढचे दोन दिवस पाणी सोडायचं नाही, म्हणजे येईल, असं ठरवलं.

१६ एप्रिल, मंगळवार

आली नाही.

मोटर दिवसभर माझ्या उसाला चालली. खरं तर उसाला आज गरज नव्हती. बांधापलीकडे तुतीचे शेंडे माना टाकून होते आणि शिवलीला घागरीनं पाणी आणून शेडवरच्या पोत्यांवर मारत होती, आत गारवा राहावा म्हणून. प्यायच्या टँकरचं पाणी. मी आंब्याखाली खुर्ची टाकून बसलो होतो. तिला मी दिसत होतो आणि ती मला.

"सोडू का?" हरिबानं दोनदा विचारलं.

"विचारायला येऊ दे," मी दोन्ही वेळा म्हणालो.

१८ एप्रिल, गुरुवार

आज हरिबा माझ्यासमोर खाली बसला. एरवी तो उभ्यानंच बोलतो.

"गुरुजी, गावात काय बोलायलेत ते तुमाला खरंच ठावं न्हाय?"

मी म्हणालो, काय बोलतात?

"इचारायलेत की फुकट पाणी कोण कुणाला का देतंय. तुमी एकटे, ती एकटी. गुंडप्पानं देवळात बोलून दाखवलं, तुमी हसलासा. उमरग्याला शंभुलिंगापातूर गेलंय. तो फोनवर तिला काय काय बोलला ते बंडप्पांनी रडत सांगितलं. म्हणून ती येत न्हाय. कशी यील?"

"आणि तू मला आत्ता सांगतोस?"

"भाव लावा म्हणून कवाच सांगितलं हुतं की. आणखी कसं सांगायचं, तुमी गुरुजी."

मी बासष्ट वर्षांचा आहे. तिचा नवरा माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा.

माझ्या मनात काही नव्हतं, असं लिहायला बसलो. पाऊण तास झाला, लिहिता येत नाही. वाईट काही नव्हतं, हे मल्लम्मेच्या समाधीवर हात ठेवून सांगेन. पण मी तिची वाट बघत होतो. ती यावी, तिनं विचारावं, मी द्यावं आणि ती आणखी थोडा वेळ थांबावी. भाव लावला असता तर ती हरिबाला तास सांगून गेली असती, माझ्याकडे यायचं तिला कारण उरलं नसतं. अप्पांची शपथ मी एवढी घट्ट का धरली होती ते मला आज कळलं आणि मला माझी लाज वाटते.

१९ एप्रिल, शुक्रवार

सकाळी लाईट आल्या आल्या सगळं पाणी तुतीकडे सोडायला लावलं. दहा मिनिटांनी बघतो तर पाणी बांधावरून माझ्याच रानात परत येत होतं. तिनं तिच्या बाजूचा पाइप काढून ठेवला होता आणि तोंडाला चिंधी कोंबून वर दगड ठेवला होता.

मी हरिबाला म्हणालो, जाऊन जोड. तो गेला आणि परत आला. म्हणाला, "जोडू देत न्हाय. म्हणती, आता नगं. मी म्हणलं, अळ्या मरतील. तर म्हणली, त्या परवाच मरायला लागल्यात, आज पाणी दिऊन पाला परवा येतो का?"

मग मी हरिबाला म्हणालो, तिला सांग, गुंडप्पाचा पाइप माझ्या रानातून न्यायचा तर ने. हवा तिथून ने.

तो म्हणाला, "ते आता तुमीच सांगा." पण मी कसा जाणार? आता मलाच बांध ओलांडता येईना.

२१ एप्रिल, रविवार

शेडमागं तिनं खड्डा घेतला. टोपल्या भरून अळ्या त्यात टाकत होती. काही अजून हलत होत्या, असं हरिबा म्हणाला. वर चुना टाकला. बंडप्पा बाजूला बसून होते. एका टोपलीनंतर तीही बसली आणि बराच वेळ उठली नाही. मी आंब्यामागं उभा राहून बघितलं. रडू आलं. मल्लम्मा गेली तेव्हा चार माणसांत रडलो होतो, आज झाडामागं लपून रडलो.

१ मे, बुधवार

शंभुलिंगानं ट्रॅक्टर लावून तुती उपटली. मुळ्या लांब गेल्या होत्या, ट्रॅक्टर दोनदा अडकला. रॅक आणि कोष बांधायच्या चंद्रिका भूमच्या कुणाला तरी विकल्या. रविवारी सगळे उमरग्याला जाणार.

५ मे, रविवार

सकाळी नऊला शिवलीला आणि बंडप्पा माझ्या घरी आले. रानात नाही, घरी, भर वस्तीत. दार सताड उघडं ठेवलं. हरिबाला तिनंच बोलावून आणलं होतं. शंभुलिंग टेम्पोत सामान भरत होता, तो मागून येणार होता.

तिनं वही काढली. जानेवारीपासूनचा एकेक तास लिहिलेला होता. तिनं न मागता मी पाणी सोडलं होतं, ती ३ एप्रिलची तारीखही त्यात होती. छप्पन्न तास. पाच हजार सहाशे रुपये तिनं टेबलावर ठेवले.

"घ्या, गुरुजी," ती म्हणाली. या वेळी भाव विचारला नाही.

मी घेतले. अप्पांची शपथ मोडली. मला तिची माफी मागायची होती. वाक्य रात्रीच जुळवून ठेवलं होतं. पण हरिबासमोर, बंडप्पांसमोर ते बोललो असतो तर त्यातून आणखी काय निघालं असतं, हे आता मला कळतं. म्हणून बोललो नाही.

"पावती द्या," ती म्हणाली. "भावजींना दाखवायचीया."

मी शाळेतलं लेटरपॅड काढलं, मागची कोरी बाजू घेतली. ती सांगत गेली तसं लिहिलं. श्रीमती शिवलीला ईरण्णा यांचेकडून बोअरच्या पाण्यापोटी, तासाला शंभर रुपये ठरल्याप्रमाणे, रोख मिळाले. खाली सही केली.

"तारीख टाका."

मी पाच लिहिलं आणि मे लिहायला लागलो.

"आजची नगं," ती म्हणाली. "आजची टाकली तर आज ठरलं असं हुतंय. जानेवारीची टाका. येळवशीची."

चौतीस वर्षं हजेरीपटावर मी एक खोटी तारीख टाकली नाही. निवडणुकीच्या ड्युटीवर नाही, तपासणीला साहेब आले तेव्हाही नाही. मी तो कागद चुरगाळला, नवीन घेतला, सगळं पुन्हा लिहिलं आणि तारीख टाकली, ११ जानेवारी २०२४. 'रोख मिळाले' हे काढून 'रोख आगाऊ मिळाले' असं केलं. माझं अक्षर अजून चांगलं आहे. हरिबानं साक्षीदार म्हणून खाली अंगठा उठवला. त्याला सही येते, पण अंगठा पक्का असतो म्हणाला.

तेवढ्यात शंभुलिंग आला. त्यानं माझ्याकडे बघायचं टाळलं. तिनं पावती त्याच्या हातात दिली. त्यानं ती उभ्यानं वाचली, मग परत वाचली. तारखेवर बोट ठेवलं. त्याचा चेहरा सैल झाला. त्यानं माझ्या पाया पडायला वाकून म्हटलं, "माफ करा, गुरुजी. लोकं काय बी बोलत्यात." आणि मग शिवलीलेकडे वळून म्हणाला, "हे आदी दाखवायचं न्हाय का? एवढा कागद आदी दाखवला असता तर म्या तुती कशाला उपटली असती?"

तिनं वही पिशवीत टाकली. मी पहिला, चुरगाळलेला कागद मुठीत धरला. बंडप्पांना दोघांनी मिळून टेम्पोत पुढच्या सीटवर बसवलं आणि ते गेले.